एकच दार: विंचवाचं आणि औषधाचं

कोकणात विंचू नुसता चावत नाही, तो चढतो. बोटाला नांगी लागते आणि ठणका मनगटातून कोपराकडे, तिथून काखेपर्यंत सरकत जातो. या लाल विंचवाच्या शास्त्रीय नावात 'टॅम्युलस' म्हणजे तमिळ असा शब्द आहे. पण त्याच्या दंशानंतर हृदयाचं काय होतं, हे १९८२ साली 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितलं ते रायगड जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी.

हे विष करतं तरी काय? मज्जातंतूच्या पापुद्र्यात सोडियमची इवलीशी दारं असतात. दार उघडलं की कळ पुढे धावते आणि मिलिसेकंदभरात ते मिटतं. विष या दारात पाय अडकवतं. दार मिटतच नाही, तंतू ओरडत राहतो!

डॉक्टर त्या बोटाच्या मुळाशी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचतात आणि ठणका उतरतो. कारण लिग्नोकेनही त्याच दाराशी जातं. विष जे उघडं धरतं, तेच हे अडवून बसतं.

आता खरी गंमत. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत किंवा काही हट्टी मज्जातंतूदुखींत हेच औषध शिरेतून देतात. ते तर रक्ताबरोबर सगळीकडे फिरणार. मग माणूस नखशिखांत बधिर व्हायला हवा ना? होत नाही!

त्याच्या मागे जाऊन बघा. हाताच्या शिरेतून ते हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचतं, तिथून फुप्फुसांत. फुप्फुसं स्पंजासारखी त्यातलं बरंचसं टिपून घेतात आणि सावकाश सोडतात. पुढे मेंदू, हृदय, यकृत. मग स्नायू, शेवटी चरबी. रक्तात उरलेल्यापैकी निम्म्याहून अधिक प्रथिनांना चिकटलेलं. टोचायच्या एक टक्का औषधात मिलिलीटरला १० मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं. रक्तात उरतात जेमतेम दोन-तीन मायक्रोग्रॅम. हजारो पट विरळ!

एवढ्याशा औषधानं काय होणार? पण त्याची चाल पाहा. विद्युतभार नसलेले रेणू तंतूच्या तेलकट पापुद्र्यातून अलगद आत शिरतात, आत गेल्यावर भार घेतात आणि दाराला आतल्या बाजूनं गाठतात. तेही दार उघडलं की मगच. जे दार पुन्हा पुन्हा उघडतंय, ते पुन्हा पुन्हा तावडीत सापडतं. शांत तंतूला धक्काही लागत नाही. गजबजलेल्या वर्गात फक्त ओरडणाऱ्याच्याच तोंडावर हात ठेवावा, तसं! मला तर या औषधातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. हृदयाच्या बेताल ठोक्यांवरही ते याच न्यायानं चालतं.

मग यकृत आवराआवर करतं. रक्ताच्या एका फेरीत आलेल्यापैकी जवळपास दोन तृतीयांश ते मोडून टाकतं, आणि दीड-दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. नवल म्हणजे काही रुग्णांचं दुखणं त्यानंतरही कित्येक तास, कधी दिवसभर शांत राहतं.

मात्र वाट अरुंद आहे. मिलिलीटरला पाच मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की मेंदूतले शहाणे तंतूही गप्प होऊ लागतात: ओठ बधिर होतात, तोंडाला धातूची चव येते, कानात गुणगुण सुरू होते, त्यापुढे झटके. म्हणून हे औषध वजनानुसार मोजून, मॉनिटर लावूनच देतात. आपल्याला कधी अशी सलाईन लागली आणि यातलं काहीही जाणवलं, तर संकोच न करता त्याच क्षणी सिस्टरना सांगा.