वाडीतील मुलांसाठी बॅट घेताना

पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतील मुलांना कोणती बॅट द्यावी, असे आपण मला विचारता. एका बॅटवर सारी वाडी खेळते, म्हणून ती टिकाऊ हवी.

काश्मिरी विलोची घ्यावी. ती इंग्लिश विलोपेक्षा स्वस्त व टणक असते. पात्यावरील रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ असाव्यात, गाठ नसावी. बॅट उभी धरली की मूठ मुलाच्या कमरेच्या जरा खाली यावी. जड बॅट लहान मुलाला पेलत नाही.

कोकणातील ओल टोकातून शिरते व लाकूड फुगून चिरते. म्हणून टोकाला रबरी पट्टी बसवून घ्यावी, उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. टिकाऊ बॅट असेल, तर मुलांचा खेळ तेथेही चालू राहतो.