शर्यतीच्या गाडीला पंख कशासाठी?

विमानाला पंख असतात ते वर उडण्यासाठी, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मग फॉर्म्युला वनच्या मोटारीला पंख कशासाठी? तर हा पंख उलटा बसविलेला असतो. विमानाचा पंख वर उचलतो, मोटारीचा खाली दाबतो. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात.

वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते. तिला धरून ठेवते ती टायरची रस्त्यावरील पकड. टायरवर भार जितका अधिक, तितकी पकड अधिक. मग गाडीत सिमेंटची पोती भरावीत काय? नाही. वजन वाढले की गाडी वळवायलाही तितकाच जादा जोर लागतो. वारा मात्र वजन न वाढविता भार देतो. खरी मेख इथेच आहे. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. म्हणून वेगवान वळणावर त्याचा लाभ मोठा, संथ वळणावर अल्प.

परंतु पंख वाऱ्याला अडवितोही. त्यामुळे सरळ रस्त्यावर वेग घटतो. म्हणूनच इटलीत मोंझाच्या लांब सरळ मार्गावर पंख चपटे ठेवतात, तर मोनॅकोच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर चांगले उभे.

हा दाब एकाएकी गेला तर? 1969 साली बार्सिलोनातील मोंजुइक येथे लोटस कंपनीच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. ग्रॅहम हिल बचावले, योखेन रिंट जखमी झाले. त्यानंतर लगेच मोनॅको येथे उंच पंखांवर बंदी आली.

पुढे लोटसने गाडीच्या पोटाखालचा वारा कामाला लावला. दोन कागद समोरासमोर धरून मधून फुंकर मारा. ते दूर न जाता जवळ येतात. तसेच गाडीखालच्या अरुंद जागेतून वारा वेगाने गेला की तेथील दाब उतरतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. यात चमत्कार नाही, विज्ञान आहे. याच बळावर 1978 साली मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेते झाले. मात्र वारा कोंडण्यासाठी बाजूंना लावलेल्या सरकत्या पट्ट्या अडकल्या की पकड क्षणात जाई. म्हणून 1981 साली त्यांवर बंदी आली, आणि 1983 पासून गाडीचा तळ सपाट ठेवणे सक्तीचे झाले. 2022 साली वाऱ्याच्या वाटा पुन्हा तळाशी आल्या, तेव्हा गाड्या वेगात वरखाली आदळू लागल्या. चालकांच्या पाठी दुखावल्या, आणि त्या आदळण्यावरही मर्यादा घालावी लागली.

या सर्व इतिहासातून आम्हाला एवढेच सांगावयाचे आहे की, वाऱ्याने दिलेली पकड वारा केव्हाही काढून घेतो. म्हणून वेगाला नियमांची जोड हवीच. साध्या मोटारीला हौसेने पंख लावणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानी घ्यावे. शहरातल्या वेगात त्या पंखाचा दाब नगण्य असतो. तेथे वळणापूर्वी वेग कमी करणे, हाच खरा उपाय होय.