भाड्याच्या ओट्यावरचे गिऱ्हाईक

मेहरूणच्या बोरांचा हंगाम हिवाळ्यापुरता. मोबाईलच्या पडद्यावरून त्यांना गिऱ्हाईक मिळवू पाहणाऱ्या तरुण उद्योजकाची पहिली अडचण येथेच उद्भवते. माल ऋतूनुसार येतो. प्रेक्षकाला मात्र बारमाही काही ना काही दाखवीत राहावे लागते. तथापि याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे.

धुळे जिल्ह्यातील दिनेश पवार व त्यांच्या कुटुंबाने टिकटॉकवर मोठा प्रेक्षकवर्ग जमविला होता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने चिनी कंपन्यांच्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली आणि तो हातचा गेला. (बंदीच्या कारणांची चर्चा येथे अप्रस्तुत होय.) त्याच वर्षी ऑक्टोबरात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सुमन धामणे या आजीबाईंचे यूट्यूबवरील पाककृतींचे चॅनेल चोरट्यांनी बळकाविले. ते काही दिवसांनी परत मिळाले, एवढेच सुदैव.

जळगावच्या सराफाच्या गिऱ्हाइकांची नावे त्याच्या स्वतःच्या वहीत असतात. यूट्यूबवर ती वही कंपनीच्या ताब्यात असते आणि कोणाला काय दिसावे हेही तीच ठरविते. बाजार समितीतल्या आडत्याशी निदान समोरासमोर भांडता तरी येते! म्हणूनच व्हिडिओ पाहून बोरांची पहिली पेटी मागविणाऱ्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक उद्योजकाने स्वतःकडे नोंदवून ठेवावा आणि पुढील हंगामात त्याला स्वतः कळवावे. लाखभर प्रेक्षकांपेक्षा अशी दोनशे नावे हे अधिक भरवशाचे भांडवल मानावयास हवे. मात्र ती जमावयास दोन-तीन हिवाळे जावे लागतात आणि तोवर घरखर्च अन्य मिळकतीतूनच भागवावा लागतो.