दांडा फोर-लोवर, गाडी मात्र चिखलातच

अंबड-घनसावंगीकडच्या कपाशीच्या शिवारात पावसाळ्यात पाणंदीला लागलं, की काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि चाक जागेवरच फिरतं. फोर बाय फोर गाडीवाला अशा वेळी ट्रान्सफर केसचा छोटा दांडा फोर-लोवर नेतो. दांडा गेला, पण आतला गिअर पुरता बसलाच नाही, तर जोर पडताच तो सुटतो आणि दातांच्या कडा झिजतात. म्हणून आधी बघावी ती दांडा आणि केस यांच्यामधली जोडणी.

विलीजच्या धाटणीच्या जुन्या महिंद्रा जीपमध्ये दांडे थेट केसवरच असत. पुढे बऱ्याच गाड्यांत दांडा बॉडीवर गेला, केस खाली गिअरबॉक्सला राहिली. दोन्हींचे रबर वेगळे. गाडी खड्ड्यात पिळली की दोन्ही वेगवेगळं हलतात. मधे सळ्या असतील तर त्या अडकतात. जीप रँग्लरच्या १९९७ ते २००६ च्या पिढीत सळ्या होत्या, २००७ च्या पिढीत केबल आली. जुन्या गाडीलाही ती बसवता येते.

ही केबल ओढते तशी ढकलतेही, त्यामुळे आतली तार ताठ असते आणि तिला मोठं वळण लागतं. सायलेन्सरचा पाइप आणि प्रोपेलर शाफ्टपासून ती लांबूनच न्यावी. खरी मेख ब्रॅकेटमध्ये आहे. केबलच्या आवरणाचं खालचं टोक केसवरच घट्ट बांधायला हवं, चॅसिसवर नाही. चॅसिसवर बांधलं तर गिअरबॉक्स हलेल तशी तार ओढली जाते आणि गिअर आपोआप सरकतो. माझ्या मते या कामात सर्वाधिक वेळ इथेच द्यावा.

गाडीखाली शिरण्याआधी चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये न्यूट्रल असतं. जोडणी सुटल्यावर केस त्यात गेली, तर मुख्य गिअर टाकलेला असूनही गाडी घरंगळते.

मग केसचा आर्म हाताने एका खाचेत बसवा. आतली गोळी-स्प्रिंग टक्कन जाणवते. वर दांडा त्याच जागी धरा आणि केबलचं आट्याचं टोक फिरवत राहा. पिन जोर न लावता भोकात गेली, की चेकनट आवळा. एक जागा जुळली म्हणून काम संपलं असं समजू नका. टू-हाय, फोर-हाय, फोर-लो सगळीकडे आर्म खाचेत बसल्यावरही दांड्याला थोडी जागा उरली पाहिजे. दांडा आधीच पत्र्याला टेकत असेल, तर पत्रा कापावा किंवा केबल पुन्हा जुळवावी.

चिखलातून आल्यावर केबलच्या टोकांवरचे रबरी बूट बघावेत. त्यांच्यावर प्रेशरचं पाणी थेट मारू नये. बूट फाटला की काळी माती आत शिरते, उन्हाळ्यात घट्ट होते आणि केबल जाम होते. फाटलेला बूट दिवाळीपर्यंत तसाच ठेवू नये.