खोडा, तुरुंग आणि ट्रंक

लॅटिन भाषेचा ठाण्याशी संबंध १३२१ इतका जुना आहे. त्या वर्षी चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. त्यांच्याबरोबर भारतात आलेला जॉर्डनस आणि पुढे या गावातून गेलेला ओडोरिक यांच्यामुळे ती हकीकत लॅटिनमध्ये नोंदली गेली. ही मंडळी लॅटिनची पक्की जाणकार, पण त्यांच्या पोथीतले काही आपल्या बोलीत उतरलेले दिसत नाही. आज ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत रोज तोंडी येणारे लॅटिन कुळीचे शब्द नंतर दोन वाटांनी आले, आधी पोर्तुगीज आणि मग इंग्रजी. मूळ एक असले तरी वाटेगणिक त्यांचे अर्थ पालटले. म्हणून लॅटिन धातू सांगून ‘खरा’ अर्थ सिद्ध करण्याची आपल्याकडच्या व्युत्पत्तिप्रेमींची सवय मला फसवी वाटते. शब्द कोणत्या कामासाठी घेतला गेला, हे आधी पाहावे लागते.

ठाण्याचा किल्लाच घ्या. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि ठाणेही त्यांच्या अमलाखाली आले. किल्ल्याचे बांधकाम त्यांनी १७३० च्या सुमारास काढले, पण ते पुरे होण्याआधी १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेले आणि पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना १९१० मध्ये फाशी झाली ती इथेच. ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीज ‘ट्रोंको’वरून आला, असे गोव्याचे कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे. ‘ट्रोंको’ लॅटिन ‘ट्रुन्कुस’चा, म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवत, म्हणून खोडाचे नाव कैदखान्याला मिळाले. मराठीनेही स्वतंत्रपणे हीच चाल केली आहे, खोडावरून ‘खोडा’. इंग्रजीने मात्र त्याच ‘ट्रुन्कुस’ची पेटी केली आणि ती ‘ट्रंक’ होऊन आपल्या माळ्यावर पडली. ‘जेल’ची गोष्ट याहून गमतीची. लॅटिनमध्ये ‘काव्हेओला’ म्हणजे लहान पिंजरा. त्याचे पोर्तुगीजमध्ये ‘गायोला’ झाले आणि ते पाखरांच्या पिंजऱ्याला लागले, तर जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचेतो त्यात माणसे कोंडली गेली. एकाच तटबंदीला आपण तुरुंग म्हणतो, जेल म्हणतो आणि सरकारी पाटीवर कारागृहही.

कामधंद्यात ही वाटणी अधिक ठळक दिसते. लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. घेणेकरी पैसे मिळाल्यावरच शांत होतो, म्हणून इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच सगळीकडे त्याचा अर्थ पैसे चुकते करणे असा झाला. पोर्तुगीज क्रियापद ‘पगार’ आपण नाम म्हणून घेतले, त्याच धातूचा इंग्रजी ‘पे’ नंतर कागदावर आला, आणि आता नोकरदार पे-स्लिपवर पगार पाहतो. लॅटिन ‘मागिस्तेर’चेही असेच. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’त गुरू आणि कारागीर हे दोन्ही अर्थ नांदतात, पण आपण मेस्त्री केला तो हातात हत्यार असलेला. इंग्रजीमार्गे आला तो शाळेचा आणि, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी धावल्यानंतर, स्टेशनाचा मास्तर. मॅजिस्ट्रेटही त्याच घरातला. पोर्तुगीज वाटेचे शब्द हातात राहिले, इंग्रजी वाटेचे कागदावर चढले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पिंप आणि पाइप ही जोडी तो नियम मोडते: दोन्ही मुळात पिपाणीच्या नळीचे, दोन्ही पाण्याशी बांधलेले, फक्त एकात पाणी साठते आणि दुसऱ्यातून वाहते. स्वयंपाकघरात तर कोबी पोर्तुगीज ‘कोव्ह’चा, लॅटिन ‘काउलिस’चा. ‘कॉलिफ्लॉवर’मधला ‘कॉलि’ही तोच, पण भाजीवाल्याने तो टाकून नुसता ‘फ्लॉवर’ ठेवला. ‘पानिस’ म्हणजे भाकरी. पाव तिच्यापासून आला, आणि एकत्र भाकरी खाणारे ते सोबती म्हणून कंपनीही.

यावर पहिला आक्षेप असा, की दिसेल त्या शब्दाला लॅटिन जोडणे सोपे असते. तो रास्त आहे. बटाटा आणि काजू पोर्तुगीजांनी आणले, पण ते शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे. साबण पोर्तुगीजांआधी अरबी-फारसीतून येऊ शकतो, आणि ‘मेज’ फारसीत आहेच, म्हणून त्याला ‘मेसा’च्या गळ्यात बांधण्याची घाई नको. वरच्या जोड्या मात्र नुसत्या ध्वनिसाम्यावर उभ्या नाहीत, अर्थाची साखळीही जुळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे शब्द गोव्यातून सगळ्या मराठीत पसरले, मग ठाण्याचे विशेष काय? शिवाय कल्याणवर पोर्तुगीजांची सत्ता टिकलीच नाही. पण शब्दाला सत्ता लागते, हे गृहीतकच कच्चे आहे. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधायला घेतली, आणि त्या कामावर रुई लैतांव व्हियेगस व त्याच्या हाताखालचे पोर्तुगीज कारागीर होते. मराठी सुतार, लोहार आणि हे परके मेस्त्री एकाच जहाजावर राबत होते. शब्दांची देवघेव होते ती अशा जागी. १३२१ च्या साधूंना असे सोबती मिळाले नव्हते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १६५९ मध्ये या कारागिरांना परत फिरवले ते मराठी आरमार उभे राहील या धास्तीने. त्यांच्या बोलीचे कुणाला काय पडले होते!