उडून का जात नाही?

पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं की राघू उडाला, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग पायात साखळी नसलेला, पंख न छाटलेला पक्षी शेकडो माणसांच्या डोक्यांवरून फेरी मारून पुन्हा शिक्षकाच्या हातावर येऊन बसतो, तो कसा? २०२४ साली आम्ही सहकुटुंब सिंगापूरला गेलो होतो. तिथं पक्ष्यांचा खेळ पाहताना माझ्या नातीनं नेमका हाच प्रश्न विचारला, "नाना, तो उडून का जात नाही?"

सिंगापूरचं जुनं जुरोंग पक्षी उद्यान १९७१ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. तिथले पक्षी मंडाई इथल्या 'बर्ड पॅराडाइज' या नव्या उद्यानात आले. ते मे २०२३ मध्ये उघडलं. तिथल्या खेळात लालनिळे मकाव झेपावत येतात, तेव्हा त्यांच्या पंखांचा वारा गालाला लागतो. मुलं टाळ्या पिटतात. मोठी माणसं मात्र याला जादू म्हणून मोकळी होतात.

यात जादू नाही. पक्ष्याला प्रथम हातावर यायला शिकवतात. आला की लगेच शिट्टी आणि लगेच दाणा. काही दिवसांत शिट्टी म्हणजे खाऊ, हे गणित त्याला पक्कं कळतं. मग अंतर वाढवायचं. आधी हातभर, मग खोलीभर, मग मैदानभर. चुकला तर शिक्षा नाही, फक्त खाऊ नाही. मारलेला पक्षी परत येणार नाही, हे साधं शहाणपण त्यामागं आहे. पक्ष्याचं वजनही नेमानं करतात. पोट गच्च भरलं असेल तर तो झाडावरच बसून राहतो आणि उपाशी ठेवला तर खंगतो. या दोहोंमधली रेषा सांभाळणं, हीच शिक्षकाची खरी कसोटी.

ही विद्या जुनी आहे. बाज आणि ससाणे शिकवणाऱ्यांना ती शेकडो वर्षांपासून ठाऊक होती. बाजदारीच्या या परंपरेला युनेस्कोनं २०१० मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे अकबर बादशहाला कबुतरांचं भारी वेड. अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय, की कबुतरं उडवण्याला बादशहा 'इश्कबाजी' म्हणे. शब्द मोठा गोड आहे, पण कबुतर परततं ते आपल्या खुराड्याकडे, जोडीदाराकडे आणि दाण्याकडे. इश्क असलाच तर तो बहुधा उडवणाऱ्याच्या बाजूनं.

म्हणून मी नातीला सांगितलं, "त्याला परत येणं फायद्याचं वाटतं, म्हणून तो येतो." ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मग आपणही एक पोपट आणू या. रोज दाणे देऊ."

खेळ पाहून आलेल्या प्रत्येक घरात हा हट्ट होतो, आणि खरा धोका इथंच आहे. आपल्या बाजारात चोरून विकला जाणारा पोपट बहुतेक वेळा ढोलीतून काढलेलं पिल्लू असतं. अशी कितीतरी पिल्लं वाटेतच मरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे आपला देशी पोपट पकडणं, विकणं आणि घरात पाळणं हा गुन्हा आहे. पोपट थव्यानं राहणारा पक्षी आहे. एकट्या पिंजऱ्यात तो कंटाळतो, कधी स्वतःचीच पिसं उपटतो. आणि तो बोलतो, ते आपल्याला थवा मानून. ज्याला आपण कौतुकानं 'मिठू मिठू' म्हणायला लावतो, तो खरं तर सोबत मागत असतो.

तेव्हा खेळ जरूर पाहावा, पण डोळसपणे पाहावा. पक्षी मोकळा उडतोय का? नको वाटलं तर त्याला उडण्याचं नाकारता येतं का? पिसं भरलेली, तुकतुकीत आहेत का? आणि घरी पोपट हवाच असेल, तर खिडकीबाहेर पाण्याचं भांडं ठेवावं, अंगणात पेरूचं झाड लावावं. वरचे चार पेरू त्याच्या नावानं सोडून द्यावेत. तो येईल, खाईल आणि उडून जाईल. उद्या पुन्हा यायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.