बऱ्हाणपूर : रस्त्याखालून वाहणारे नवल

वास्कोहून दिल्लीकडे निघालेली गोवा एक्सप्रेस भुसावळ सोडून खांडव्याकडे वळते, तेव्हा वाटेत बऱ्हाणपूर लागते. बहुतेक गोमंतकीय प्रवासी त्या वेळी डुलकी घेत असतात. मोटारीने जाणारेही मुक्ताईनगर, इच्छापूर ओलांडून इंदूरची घाई करतात. वास्तविक मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच गल्लीत कानी पडणाऱ्या या शहरात एक दिवस थांबावे, असे पुष्कळ आहे.

राजपुरा, सिंधीपुरा अशा जुन्या पुऱ्यांतून बाहेर पडून लालबागच्या बाजूला गेले की मोकळ्या जमिनीवर विहिरीच्या कठड्यांसारखी गोल बांधकामे ओळीने दिसू लागतात. पाहणाऱ्यास त्या पडक्या विहिरी वाटतात. प्रत्यक्षात ती एका भुयारी कालव्याची तोंडे आहेत. हाच ‘कुंडी भंडारा’. लोकांच्या तोंडी तो ‘खूनी भंडारा’ झाला आहे. नावाने दचकण्याचे कारण नाही.

मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, हे काम झाले. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरून तापीकडे सरकते. ते वाटेतच अडवून, हलका उतार दिलेल्या भुयारातून शहराकडे आणले गेले. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच ओढीने वाहते. शंभराहून अधिक कुंड्यांनी खोदाईची माती बाहेर काढण्याची, हवा खेळती ठेवण्याची आणि गाळ उपसण्याची सोय केली. ही इराणातील ‘कनात’ पद्धत. विजापूरची सुरंग बावडी आणि औरंगाबादची नहर-ए-अंबरी याच कुळातली.

एका कुंडीत सुमारे ऐंशी फूट खाली उतरण्यासाठी पाळणा बसवलेला आहे. खाली गुडघाभर नितळ पाणी आणि भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर. हे थर दिसायला देखणे. मात्र झरे बुजवणारेही तेच. त्यात वरच्या डोंगरउतारावरील झाडी घटली आणि आसपास विंधनविहिरींचा उपसा वाढला, तर मुरणारे पाणी भुयारापर्यंत पोहोचणारच नाही. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत भंडाऱ्याचे नाव आले. पाट्या आणि रोषणाई त्यानंतर सहज होईल. जपायचे आहे ते मात्र भुयारापासून दूर, जिथे पाऊस मुरतो तिथे.

वेळ उरल्यास तापीपलीकडचा आहुखाना पाहावा. १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात निवर्तली. आग्र्यास नेण्यापूर्वी तिचे दफन तेथे झाले होते. जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे, तोही चुकवू नये. आणि निघताना माव्याची जिलबी. काळसर, जाड आणि पोटभर. ती गरम असतानाच खावी, डब्यात बांधून नेलेली मडगावपर्यंत तशी राहत नाही.